फाटक लावायचा मान

लग्न झाल्यापासून डोंगरात मी सगळ्यांच्या पुढे चालत आलो आहे, आणि तो काही मान नव्हे. आमच्या खोऱ्यात चालण्याचा क्रम ठरलेला असतो. ज्याची चाल सगळ्यांत मंद तो पुढे, जो सगळ्यांत दमाचा तो शेवटी. पुढच्याच्या चालीनं सगळे चालतात, म्हणजे कोणी मागे पडत नाही. आणि वाटेत कुरणांची जी फाटकं लागतात ती शेवटच्यानं लावायची. फाटक उघडं राहिलं की गाई शेजारच्याच्या कुरणात शिरतात आणि मग दोन घरं दोन पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत. अशी दोन घरं आमच्या गावात आहेत. कोणत्या गाईमुळे हे आता त्यांनाही आठवत नाही.

आमच्या घरात शेवटची जागा माझ्या सासऱ्याची, बाल्त्सची. मी पुढे, माझ्यामागे सासू रेगुला, मग बायको व्हेरेना, मग मुलगी नोएमी, आणि सगळ्यांच्या मागे तो. मी आरगाऊचा, म्हणजे सपाटीवरचा. खोऱ्यातल्या लोकांच्या मते आरगाऊची माणसं उतारावरही धापा टाकतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर चढलो तेव्हा हे मत खोडून काढायचा प्रयत्न केला होता. पहिल्याच वळणावर बाल्त्सनं मला खांद्याला धरून पुढे उभं केलं. तेव्हापासून मी तिथेच आहे.

बाल्त्स जन्मभर पोस्टाची पिवळी बस चालवत होता. खाली स्टेशनपासून वर खोऱ्याच्या टोकापर्यंत आणि परत. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न. वेळेच्या बाबतीत कडक. धावत येणाऱ्या म्हातारीसाठी तो कधीही थांबला नाही. फक्त नेमकं तेव्हाच त्याला खाली उतरून आरसा पुसायची आठवण व्हायची. म्हातारी चढून बसली की आरसा स्वच्छ झालेला असे. कोणी आभार मानले तर तो कपाळाला आठ्या घालून घड्याळ बघायचा.

बसमध्ये पाटी होती, चालकाशी बोलू नये. निवृत्त होताना ती पाटी त्यानं मनातल्या मनात घरी आणली असावी. जेवताना तो मीठ मागायलाही बोट वापरतो. बोलायचा तो फक्त डोंगरात, आणि तेही माझ्याशी, मागून ओरडून.

"उर्स, मागून एक गोगलगाय रस्ता मागतेय."

"तिला म्हणावं हॉर्न वाजव."

"वाजवला तिनं. तुला ऐकूही उशिरा येतं."

असं वर पोचेपर्यंत. मला वाटायचं, एकुलती एक मुलगी सपाटीवरच्याला दिल्याचा हा राग आहे. व्हेरेना म्हणायची, "बाबा तुझ्याशी जेवढं बोलतात तेवढं आमच्याशी बोलत नाहीत." मी ते सांत्वन समजत असे.

या वर्षी हिवाळ्यात बाल्त्सच्या छातीत कळ आली आणि हृदयात स्टेंट बसवावा लागला. तो त्याला नळाचं काम म्हणतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डोंगर चढा, पण बोलता बोलता चढता येईल एवढ्याच चालीनं. बोलणं बंद पडलं की चाल जास्त झाली असं समजायचं. हे रेगुलानं ऐकलं. बाल्त्स तेव्हा खिडकीतून खालची पार्किंगची जागा बघत होता, त्यामुळे त्याच्या मते त्याला कोणी काही सांगितलेलंच नाही.

ऑगस्टचा शेवटचा रविवार आमचा वरच्या कुरणावर जायचा. सकाळी रेगुला स्वयंपाकघरात पावाला झीगर आणि लोणी लावत होती. झीगर म्हणजे आमचं हिरवं, उग्र वासाचं चीज. त्या वासानं पाहुणे जातात आणि घरचे जमतात.

"आज आरामात जायचं," रेगुला मला हळू आवाजात म्हणाली. "तू पुढे. नेहमीसारखा चाल. त्याहून जरा वाईट."

"त्याहून वाईट जमेल का सांगता येत नाही."

"जमेल. माझा विश्वास आहे तुझ्यावर."

त्या घरात माझ्यावर विश्वास व्यक्त होण्याची ही पहिलीच वेळ होती.

"आणि बाबांना कळता कामा नये," व्हेरेना म्हणाली. "त्यांना पुढे चाला म्हटलं तर ते घरीच बसतील. आणि एकदा बसले की बसलेच."

हे बोलताना तिच्या डोळ्यांपुढे कोण होतं ते सगळ्यांना माहीत होतं. बाल्त्सचा जोडीदार ड्रायव्हर हायरी एका वर्षी म्हणाला, यंदा डोंगर नको. पुढच्या वर्षी तो चर्चजवळच्या बाकावर दिसायचा. त्याच्या पुढच्या वर्षी बाक रिकामा होता. म्हणजे त्या दिवशी काम सरळ होतं. बाल्त्सला वर न्यायचं, त्याची शेवटची जागा न काढता आणि त्याचा जीव न दमवता, आणि हे सगळं माझ्या पायांवर अवलंबून होतं. आंधळ्यावर बहिऱ्याची भिस्त.

मी मन लावून वाईट चाललो. वाट दाखवणाऱ्या पिवळ्या पाटीपाशी थांबून ती दोनदा वाचली. बूट बांधले, सोडले, पुन्हा बांधले. पायाला फोड आला म्हणून लंगडलो. पाठीवर बाळ बांधलेलं बाझेल शहरातलं एक जोडपं आम्हाला ओलांडून गेलं. मग खुब्याचं ऑपरेशन झालेल्या शिक्षिकाबाई ओलांडून गेल्या. त्यांनी ऑपरेशन झाल्याचं जाता जाता स्वतःच सांगितलं.

"बाबा, माझे पाय झोपले," नोएमी मला म्हणाली.

"निसर्ग बघ," मी म्हणालो.

पहिल्या फाटकातून आम्ही एकेक करून गेलो. मागे कडी वाजली.

"उर्स," बाल्त्सचा आवाज आला, "आरगाऊत पाय भाड्यानं मिळतात का रे? हे परत कर."

"परत घेत नाहीत. तुझ्या मुलीनं वापरलेत."

रेगुला हसली. सगळं ठीक चाललं होतं. दुसऱ्या फाटकाचीही कडी वाजली, पण त्यानंतर मागून काही आलं नाही. वाट तिथून उभी होते. मी आणखी हळू झालो. एरवी अशा वेळी गोगलगाय, कासव, फार तर सरकारी काम असं काहीतरी यायला हवं होतं. नुसत्या काठीचा आवाज येत होता. आजवर त्या टोमण्यांचा मला वैताग होता, आणि आता एक टोमणा यावा म्हणून मी कान मागे लावून चाललो होतो.

मी मोबाईल काढून एका काटेरी झुडपाचा फोटो घ्यायला लागलो. सगळे थांबले. बऱ्याच वेळानं बाल्त्स आला. चेहरा राखेसारखा, ओठ घट्ट मिटलेले. त्यानं झुडपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. म्हणजे त्याला बोलता येत नव्हतं. मला भीती वाटली, खरीखुरी.

"भूक लागली," मी म्हणालो. अकराही वाजले नव्हते. पण रेगुलानं लगेच तिथेच पिशवी खाली ठेवली. शेजारी दगडांची चूल होती आणि तिसरं फाटकही तिथेच होतं.

नोएमीनं जाळ केला. सगळ्यांनी आपापल्या सॉसेजची टोकं चाकूनं उभी-आडवी चिरली आणि काड्यांना टोचून जाळावर धरली. टोकं फुलून उलगडू लागली. खालून गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या. बाल्त्सच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. त्यानं सॉसेज खाल्लं, पाव खाल्ला, चाकू गवताला पुसला आणि मिटला.

"बास ना आता?" रेगुला म्हणाली. "इथूनच छान दिसतंय. इथूनच परतू या."

"हो," मी म्हणालो. "माझा फोड."

बाल्त्सनं माझ्या बुटांकडे पाहिलं.

"फोड सकाळी डाव्या पायाला होता," तो म्हणाला. "पहिल्या फाटकानंतर उजव्याला गेला. माणूस लंगडतो तर एका पायानं लंगडतो, उर्स."

मी जाळात एक काटकी घातली. व्हेरेनानं आकाशाकडे पाहिलं. कट रचणाऱ्यांत सगळ्यांत कच्चा मी आहे हे ठरायला फार वेळ लागला नाही.

"कोणाचं डोकं हे?" बाल्त्सनं विचारलं.

"माझं," रेगुला म्हणाली. "आणि ओरडायचं असेल तर बसून ओरड."

तो ओरडला नाही. उठला, काठी घेतली. तो आता खाली वळणार आणि चर्चजवळच्या बाकावर जाऊन बसणार, असं मला वाटलं. रेगुलालाही तेच वाटलं असावं, कारण ती पावाचा तुकडा हातात धरून तशीच राहिली. बाल्त्स फाटकापाशी गेला, कडी काढली आणि आत गेला. आणि फाटक तसंच उघडं टाकून वर चालू लागला. एकटा. सगळ्यांच्या पुढे.

आम्ही जाळावर पाणी ओतलं आणि घाईघाईनं सामान उचललं. त्या उघड्या फाटकाकडे बघवत नव्हतं. रेगुला आत गेली, व्हेरेना गेली. नोएमीनं जाता जाता कडीला हात घातला.

"तू नको," बाल्त्स वरून म्हणाला. त्यानं मागे वळूनही पाहिलं नव्हतं. "उर्स लावेल."

मी फाटक लावलं. कडी नीट बसली का ते दोनदा पाहिलं. मग मी मान वर केली आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या पाठी पाहिल्या. लग्न झाल्यापासून मला पुढे नुसती वाट दिसत आली होती. इथून घरातलं प्रत्येक माणूस दिसतं. कोणाचा बंद सुटलाय, कोण डावा पाय जपतंय. फक्त चेहरे दिसत नाहीत. सगळ्यांत वर बाल्त्सची पाठ होती आणि त्या पाठीवरून तो बरा आहे का हे काही केल्या कळेना. चाल त्याची मंद होती, पण वर जाऊ तसा तो इरेला पेटल्यासारखा जोर लावत होता. मला पाऊल आखडून चालावं लागत होतं. माझ्यामागे हा माणूस असंच पाऊल आखडत इतकी वर्षं चालला असणार, आणि पुढचा धड आहे का हे कळायला, टोमणा मारून उत्तराची वाट बघण्याखेरीज त्याच्याकडेही दुसरा उपाय नसणार. मला त्याच क्षणी कळलं की ते टोमणे म्हणजे राग नव्हता. मला तो माणूस फार आवडतो, हेही कळलं. पण चढावर माणूस असलं काही ओरडून सांगत नाही.

"बाल्त्स," मी ओरडलो, "बस बंद पडली असेल तर उतरून ढकलू का?"

उत्तर आलं नाही. रेगुलाची पाठ ताठ झाली. बूट, काठी, पुन्हा बूट. मी पिशवी टाकून धावायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो थांबला. आमच्याकडे पाठ करून, एक हात गुडघ्यावर ठेवून उभा राहिला. सगळी रांग थांबली.

"उर्स," बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

"काय?"

"तू इथून मला उत्तरं द्यायचास. चढता चढता."

"द्यायचो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

त्यानं आणखी एक श्वास घेतला. "मला वाटायचं, ते सोपं असतं," तो म्हणाला.

मग तो चालू लागला. आधीपेक्षा पुष्कळ हळू, अगदी माझ्याहूनही हळू, आणि चालता चालता, न थांबता, त्यानं उत्तर दिलं.

"ढकलायला आरगाऊचे लोक नकोत," तो म्हणाला. "अर्ध्या वाटेत जेवायला बसतात."