सुंदराचा डावा खांदा

पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात पाच फूट सात इंच उंचीच्या मुलीला नवरा मिळणं अवघड होतं. उखा सुंदरापेक्षा चार बोटं बुटका होता, पण तो सुरतेला लूमवर कामाला होता आणि सुंदराच्या बापाला तेवढं पुरेसं वाटलं. लग्नाच्या फोटोत ती खुर्चीवर बसलेली आहे आणि उखा मागे उभा आहे. फोटोग्राफरनं तसंच बसवलं.

सुरतेत लिंबायतच्या खोलीत संसार मांडल्यावर सुंदरा रिंगरोडवरच्या एका साडी मार्केटात लागली. साड्यांना घड्या घालायच्या, पिशव्यांत भरायच्या आणि बांधलेल्या पोटल्या तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या. लिफ्ट व्यापाऱ्यांसाठी होती. पोटली ती नेहमी डाव्या खांद्यावर घ्यायची, म्हणजे उजव्या हाताला कठडा धरता यायचा. असं नऊ वर्षं चाललं. खांदा कधी खाली उतरला ते तिला कळलं नाही. एकदा ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं माप घेताना विचारलं, "ताई, पडल्या होत्या का कधी?" तेव्हा तिनं पहिल्यांदा आरशात नीट पाहिलं. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन इंच खाली होता. त्या दिवसापासून ती पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली. पुढे हात डोक्याच्या वर जाईना, तेव्हा शेठनं तिला घरी बसायला सांगितलं. बोलताना त्यानं हातातल्या चेकबुकातून मान वर केली नाही.

मग ती सुरतेच्याच वेसू भागातल्या एका फॅशन इन्स्टिट्यूटमध्ये साफसफाईला लागली. काचेचे दरवाजे, लांबलचक कॉरिडॉर आणि दर तासाला जमिनीवर नव्यानं पडणारे दोरे.

तिथं तिसऱ्या वर्षी तिच्या उंचीचा कुणाला तरी उपयोग झाला. ऋत्वी नावाची विद्यार्थिनी प्रॅक्टिकलच्या खोलीत रडकुंडीला आली होती. तिचा गाऊन उंच मॉडेलच्या मापानं कापलेला, मॉडेल आलेली नाही आणि खोलीतली डमी आखूड. कपडा अंगावर बसवायला शिकवणारे भूपेंद्रसर दारात उभे होते. त्यांनी पोछा मारणाऱ्या सुंदराला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिंदीत म्हणाले, "बादली ठेव. इकडे ये."

त्या दिवसापासून सुंदरा उभी राहायला लागली. मुली आधी कागदावर चित्र काढत. मग मांजरपाटाचं कापड तिच्या अंगावर लपेटून, टाचण्या टोचून, खडूनं खुणा करून तोच आकार कापडात आणत. मांजरपाटात जमलं की मगच महागाच्या कापडाला कात्री लागे. एकेका फिटिंगला दोन दोन तास जात. टाचणी लागली की मुली "सॉरी मासी" म्हणत आणि पुढची टाचणी टोचत. पण सुंदराला ते आवडायला लागलं. इतकी वर्षं कापड खांद्यावर वाहिलं, आता ते अंगावर चढत होतं. आणि डमीला सांगता येत नाही ते तिला सांगता यायचं. "इथं काखेत मुंढा आवळतो. हात वर केला तर टीप उसवेल." मुली मुंढा अर्धा इंच सोडायच्या आणि कपडा बसायचा. भूपेंद्रसर नव्या मुलींना सांगायचे, "मासी ठीक म्हणाली तरच कापा."

ऋत्वी शेवटच्या वर्षाला आली तेव्हा तिला वार्षिक शोसाठी सहा कपड्यांचं कलेक्शन करायचं होतं. विषय सापडत नव्हता. एका दुपारी तिनं सुंदराच्या अंगावर मांजरपाट सोडला होता. डावीकडे कापड घसरत होतं, म्हणून ती तिथं आत कापसाची गादी भरत होती. भूपेंद्रसर आले, थोडा वेळ पाहत राहिले आणि ती गादी त्यांनी उपसून काढली.

"हे लपवतेस कशाला?" ते म्हणाले. "हाच तर तुझा विषय आहे. बघ, कापड कसं पडतंय."

ऋत्वीनं पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी तिनं कॅमेरा आणला. मापासाठी फोटो हवेत म्हणाली, सुंदराला पदर काढून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आठवड्यानं कॉरिडॉरमधल्या मोठ्या बोर्डावर ते फोटो लागले. पाठ, मान, खांदे. चेहरा एकातही नव्हता. भोवती गोणपाटाचे तुकडे, सुतळी, रंगांच्या पट्ट्या आणि मध्ये मोठ्या अक्षरांत कलेक्शनचं नाव होतं, 'बोझ', आणि त्याखाली इंग्रजीत बराच मजकूर. बोर्डाची धूळ रोज सुंदराच पुसायची. पाठ आपली आहे हे तिनं ब्लाउजच्या ठिगळावरून ओळखलं. येणारे जाणारे बोर्डापुढे थांबत. त्यांतल्या कुणाला तरी ती पाठ हिचीच आहे हे कळायचं आणि मग ते तिला सांगायचे, "मासी, जरा वळा ना."

तिनं ऋत्वीला विचारलं, "एवढं काय काय लिहिलंय त्यात?"

"तुमच्याबद्दलच आहे, मासी. सगळं चांगलं लिहिलंय." मग ऋत्वीनं तिचे दोन्ही हात धरले. "शेवटचा ड्रेस तुम्हीच घालायचा. रॅम्पवर तुम्ही चालायचं. मी सरांना सांगितलंय."

ऋत्वी खोटं बोलत नव्हती. त्या घडीला तिला खरंच तसं वाटत होतं.

सुंदरानं घरी सांगितलं तेव्हा उखा हसला. "आते तू नटी व्हयनी का?" पण दोन दिवसांनी लूमवर त्यानंच सगळ्यांना सांगितलं. शेजारच्या सखुबाईनं गल्लीभर केलं. ऋत्वीनं सहा पास दिले होते. उखा, सखुबाई आणि गल्लीतल्या चौघांनी ते वाटून घेतले. सखुबाईनं शोला नेसायला ठेवणीतली साडी काढून उन्हात घातली.

शोला तीन आठवडे होते. इन्स्टिट्यूटमध्ये सुंदरा चालायला शिकली. नजर समोर, पाय एका रेषेत, टोकाला थांबायचं, तीन मोजायचे, वळायचं. तिला ते पटकन जमलं. पण घरची माणसं बघायला येणार आणि आपण वाकड्या खांद्यानं चालणार, हे तिच्या मनातून जाईना. उखा कामावर गेला की ती भिंतीला पाठ टेकून उभी राहायची आणि डावा खांदा वर ओढून धरायची. कळ मानेतून कानापर्यंत जायची. आधी शंभर आकडे, मग दोनशे, मग गॅसवर भात होईपर्यंत. भांडी घासतानाही ती खांदा ओढूनच बसायची. तिसऱ्या आठवड्यात आरशात दोन्ही खांदे जवळजवळ एका पातळीवर दिसले. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. शोच्या दिवशी सगळ्यांना दिसेल म्हणून.

आदल्या दिवशी दुपारी शेवटचं फिटिंग झालं. तिला ड्रेस घातला आणि तो बसेना. डावीकडे कापड पोटाशी गोळा झालं, खालची कड एका बाजूनं वर चढली, गळ्यापाशी झोल पडला. सगळा कपडा तिच्या वाकड्या खांद्यावर कापलेला होता आणि ती सरळ उभी होती.

भूपेंद्रसर म्हणाले, "मासी, खांदा सोड."

तिनं सोडला. चार पावलं चालली आणि खांदा आपोआप वर गेला.

"सोड म्हटलं ना."

तिनं पुन्हा सोडला, पुन्हा तो वर गेला. रॅम्प म्हटलं की अंग तसंच उभं राहत होतं. भूपेंद्रसरांनी तळवा ठेवून खांदा खाली दाबला, दार ढकलावं तसा. "चार महिन्यांची मेहनत आहे या मुलीची. तुला कुणी सांगितलं होतं सरळ व्हायला?"

ऋत्वी खाली बसली होती. भूपेंद्रसर तिच्याकडे वळले. "मॉडेलला दे."

मुंबईहून आलेली मॉडेल तिथंच होती. डावा खांदा खाली दिसावा म्हणून तिच्या उजव्या खांद्यावर गादी भरली, ड्रेस चढवला. ती चालून दाखवायला लागली, पण लंगडल्यासारखं दिसत होतं. तेव्हा ऋत्वी उठून सुंदराजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मासी, हिला दाखवा ना. आधी कशा चालायच्या तुम्ही."

सुंदरानं पदर कमरेला खोचला आणि चालून दाखवलं. आता रॅम्पवर तिला कुणी बघणार नव्हतं, म्हणून खांदा आपसूक खाली उतरला, पहिल्यासारखा पुरता. भूपेंद्रसरांना ते दिसलं. ते क्षणभर घुटमळले. पण शोच्या यादीत मॉडेलचं नाव टाकून झालं होतं, मेकअप ठरला होता. "बरोबर," ते मॉडेलला म्हणाले. "अगदी असंच."

घरी जाऊन सुंदरानं उखाला सांगितलं, "उद्या नका येऊ. माझं नक्की नाही."

"आते नखरा करू नको," उखा म्हणाला. "लूमवर, गल्लीमा, बठ्ठास्ले सांगेल शे."

शोच्या संध्याकाळी सभागृह भरलं. लिंबायतची सहा माणसं शेवटून दुसऱ्या रांगेत बसली. पडद्यामागे सुंदरा मॉडेलच्या पाठीचे हुक लावत होती. एकवीस हुक होते. बाहेर निवेदिका सांगत होती की हे कलेक्शन अशा स्त्रियांना अर्पण आहे, ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. सुंदरानं एकविसावा हुक लावला आणि मॉडेल बाहेर गेली.

शेवटच्या ड्रेसला डोक्यावरून खाली येणारी जाड ओढणी होती. चेहरा झाकलेला, डावा खांदा खाली, चाल तंतोतंत सुंदराची. सखुबाई उठून उभी राहिली. "ती पहा आमनी सुंदरा," ती आजूबाजूच्यांना सांगायला लागली. उखानं शिट्टी मारली. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली. रॅम्पच्या टोकाला मॉडेल थांबली, तीन मोजले आणि ओढणी मागे टाकली. गोरा, कोवळा, अनोळखी चेहरा होता. सखुबाई उभीच राहिली. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी तोंडावर हात ठेवून हसली, मग तिच्या पलीकडची. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि उखा माणसांच्या पायांवर पाय देत बाहेर पडला.

ऋत्वीला पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन आली, सुंदराला मिठी मारली. "तुम्ही नसता तर काहीच झालं नसतं, मासी." त्यानंतर ती मुंबईला गेली.

घरी उखा तिला काहीच बोलला नाही. पण रविवारी गल्लीत माणसं बसली होती तेव्हा त्यानं डोक्यावर टॉवेल घेतला, एक खांदा पाडला आणि ओट्यापासून नळापर्यंत चालून दाखवलं. टोकाला थांबला, टॉवेल मागे टाकला. माणसं हसून हसून बेजार झाली. सखुबाईही हसली, तिलाही शोमध्ये उभी राहून झालेल्या फजितीचा हिशेब चुकता करायचा होता. सुंदरानं दाराच्या फटीतून सगळं पाहिलं. पुढे गल्लीतली पोरं ती नळावर निघाली की मागून तशी चालायला लागली. सुंदरानं खांदा ओढून धरायचं सोडून दिलं.

इन्स्टिट्यूटमध्ये तिला उभं राहावंच लागे. आता तो कामाचा भाग झाला होता. पण ती बोलेनाशी झाली. मुली विचारायच्या, "कसं वाटतंय?" ती म्हणायची, "ठीक." मुंढा आवळला तरी ठीक, कंबर सैल झाली तरी ठीक. मुलींचं फारसं अडलं नाही. बहुतेकींचे बाहेर टेलर मास्टर होते. ते चूक पकडायचे, उसवून पुन्हा शिवून द्यायचे.

पुढच्या हंगामात निशा आली. सुरतेतल्याच डिंडोलीची मुलगी, बाप जवळच्या सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये. सुंदराचं बोलणं ऐकून पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मावशी, तुम्ही आमनाकडल्याच का?" तेव्हापासून ती तिच्याशी अहिराणीत बोलायची. फिटिंग लांबलं की सुंदरासाठी स्टूल आणणारी ती एकटीच. तिला बाहेरचा मास्टर नव्हता. सगळं ती स्वतः कापायची, स्वतः शिवायची.

"मावशी, कसं वाटस? काखमा आवळस का?"

आवळत होतं. सुंदरा म्हणाली, "ठीक."

तीन वेळा फिटिंग झालं. तीनदा तिनं तेच सांगितलं. तिसऱ्या वेळी निशा म्हणाली, "तुम्ही ठीक म्हणनात म्हणजे मी कापस," आणि तिनं खरं कापड कापलं. वर्षभर जपून ठेवलेलं टसर रेशीम होतं ते.

शोसाठी कपडे निवडणाऱ्या ज्युरीपुढे मॉडेलनं केस मागे घ्यायला हात वर केला आणि मुंढ्यापासून कमरेपर्यंत शिवण उसवली. परीक्षकांपैकी एकानं मान खाली घालून हसू दाबलं. भूपेंद्रसर म्हणाले, "मुंढा कापता येत नाही आणि शो करायचाय." निशाचं नाव शोच्या यादीतून गेलं. सुंदरा कोपऱ्यात उभी होती. निशाचा बाप कामावरून सुट्टी घेऊन आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हेही तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निशानं तिला जिन्याखाली गाठलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज शांत होता.

"मावशी, तुमले समजनं व्हतं ना?"

सुंदरा पोछा पिळत होती. अर्धा इंच, एवढंच सांगायचं होतं. ते तिच्या ओठांवर तिन्ही वेळा आलं होतं आणि तिन्ही वेळा तिनं गिळलं होतं. गिळताना तिला बरं वाटलं होतं, हेही तिला माहीत होतं. तिनं मान वर केली आणि हिंदीत उत्तर दिलं, "मेरे को क्या मालूम? मैं तो सफाईवाली है."

निशा वळून निघून गेली.

उरलेलं वर्ष निशानं सगळी फिटिंगं आखूड डमीवर केली, खाली विटा ठेवून. सुंदरा पोछा मारत तिच्या टेबलाशी आली की ती पाय वर घ्यायची, कापडावरची नजर न काढता, बाकीच्या मुली घ्यायच्या तसे.