गाडी बघायला येणारी माणसं

गल्लीत त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवण्यात त्यांची हयात गेली होती. गावातली अर्धी म्हातारी माणसं आपल्याच हातच्या दातांनी हसतात, असं ते म्हणायचे आणि ते काही फार खोटं नव्हतं. लग्न त्यांनी केलं नाही. थोरली बहीण शाळेत शिवण शिकवायची. तिचंही लग्न जमलं नाही, आणि दोघं भावंडं एकाच छपराखाली म्हातारी झाली.

चाळिशी उलटल्यावर कवळीवाल्यांनी एकच चैन केली. जमिनीला पोट टेकेल की काय असं वाटावं अशी, लांब नाकाची, दोन दारांची गडद निळी गाडी त्यांनी घरी आणली. तीही दुसऱ्याने वापरलेली. ताईने कमरेवर हात ठेवून गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "चला, घोडनवऱ्याला बायको नाही तर नाही, घोडा तरी मिळाला! आणि दारं दोनच? बरं झालं, पाहुण्यांचा प्रश्न मिटला."

पण रविवार आला की तीच आधी तयार होऊन बसायची. टेकडीपलीकडे एक लांबलचक रस्ता होता. तिथवर जायचं, थर्मासमधला चहा प्यायचा आणि परत यायचं. बोलणं म्हणाल तर वाटेतल्या घरांना नावं ठेवण्यापुरतं. अशी वर्षं गेली.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली.

घरात भांडं पडलं तरी "काय पाडलंस रे?" असं विचारणारं कोणी उरलं नाही. गुडघ्यांनीही त्याच सुमारास दगा दिला. त्या बसक्या गाडीत शिरताना एक वेळ ठीक होतं, पण बाहेर निघणं म्हणजे विहिरीतून वर येण्यासारखं. शेवटी त्यांनी जाहिरात दिली. खरोखर विकायची म्हणूनच दिली होती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतला एक कारकून. कवळीवाल्यांनी त्याला सगळं दाखवलं. दोन दारांच्या गाडीची दारं लांब आणि जड, त्यामुळे बिजागऱ्या खचतात. दार उघडून वर उचलून बघायचं, हलतंय का. चटई वर करून खाली हात घालायचा, ओल लागते का. चाकांच्या वरच्या कमानीत आतून बोट फिरवायचं, गंज तिथूनच खायला लागतो. कारकुनाने चहा घेतला, मग पुन्हा घेतला, आणि अंधार पडायच्या सुमारास घाबरून निघून गेला. त्या संध्याकाळी कवळीवाल्यांच्या लक्षात आलं की आपला घसा बसलाय. इतकं आपण बोललोच कधी होतो?

दुसरा माणूस गाडी घ्यायला एका पायावर तयार होता. कवळीवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, दुसऱ्या एकाला शब्द दिलाय." असा शब्द कोणालाच दिलेला नव्हता.

मग ती रीतच पडली. जाहिरात येत राहिली, माणसं येत राहिली. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला एकदा हसत म्हणाला, "काका, गाडी विकताय की तिचं स्वयंवर मांडलंय?" कवळीवाले हसले, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

एका सकाळी एक नर्सबाई आल्या. पन्नाशीच्या, पांढरे बूट अजून पायातच. आल्या आल्या त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, ताप बघतात तसा.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "मागे एकाने मी यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. तापल्यावर सगळ्याच गाड्या शहाण्यासारख्या वागतात."

कवळीवाले खूश झाले. "या सिस्टर, चालू करून बघा."

गाडी खोकली, मागून निळसर धूर आला आणि विरला.

"तेल पिते?"

"थोडंसं. सकाळच्या वेळी. पांढरा धूर थांबतच नसता, म्हणजे इंजिनात पाणी शिरत असतं, तर मात्र मीच म्हणालो असतो, हात लावू नका." त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुढे केलं. "हे पत्र्यावरून फिरवा. जिथे धरणार नाही, तिथे खाली पुट्टी आहे समजा."

मागच्या मडगार्डवर चुंबक घसरलं.

"अपघात?"

"छे! आमच्या ताईला गाडी शिकायची होती. पहिल्याच दिवशी फाटकाला भेटून आली. खाली उतरून मला म्हणते, 'फाटक मध्ये आलं.'"

सिस्टर हसल्या. मग चुंबक परत देत सरळ विचारलं, "काका, तुम्हाला गाडी विकायचीच नाहीये ना? गॅरेजवाला म्हणत होता."

कवळीवाल्यांना कुठे बघावं कळेना. ते फडक्याची घडी घालत राहिले.

"मी रागावले नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डात असे पेशंट असतात. बरे झालेले असतात, पण डिस्चार्ज म्हटलं की त्यांचं काहीतरी दुखायला लागतं. घरी गेल्यावर 'रात्री झोप लागली का' असं विचारायला कोणी नसतं ना. पण मला गाडी खरंच हवीय, काका."

"तुम्हाला अशी कशाला? घरच्यांना बसवायला मागे जागा नाही."

"मला एक दारही पुरे आहे."

कवळीवाल्यांनी किल्ली त्यांच्या हातात दिली.

"तुम्हीही चला. गिअरचं सांगायला कोणीतरी हवं." सिस्टरनी कोपराखाली हात देऊन त्यांना अलगद खाली बसवलं. त्यांच्या हातांना ती सवयच होती.

इतक्या वर्षांत कवळीवाले त्या शेजारच्या सीटवर कधीच बसले नव्हते. सीट मधोमध खचलेली होती. खोल बसल्यावर समोरचा रस्ता दिसेना, नुसतं बॉनेटचं टोक आणि त्याच्यावरचं आभाळ. ताई तर त्यांच्याहून बुटकी होती. दर रविवारी ती काय बघत होती मग? 'दिसतंय का गं तुला?' असं एकदाही आपण विचारलं नाही, हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं.

"दुसरा गिअर अडतो," ते कसंबसं म्हणाले. "घाई करायची नाही. जरा थांबून टाकायचा."

गाडी गेली. जाहिरात बंद झाली, फोनही गप्प झाला. कवळीवाल्यांनी शेडमध्ये एकदा झाडू मारला आणि दार ओढून घेतलं. दुपारी झोपायची सवय लागली, त्यामुळे रात्री झोप येईना. गॅरेजवाल्याकडे जाऊन बसले, तर तो कामात असायचा.

बऱ्याच महिन्यांनी सिस्टरचा फोन आला. दुसरा गिअर आता अजिबातच पडेना. कवळीवाल्यांनी सविस्तर सांगितलं. गिअरबॉक्सचं तेल बदलून बघा, आधी क्लच तपासा, उगाच सगळं खोलू देऊ नका. सिस्टर ऐकत होत्या. सांगण्यासारखं संपलं तेव्हा कवळीवाल्यांनी विचारलं, "रविवारी कुठे नेता का तिला?"

"कुठे नेणार? हॉस्पिटल आणि घर."

"टेकडीपलीकडे एक रस्ता आहे. पूल ओलांडला की डावीकडे वळा."

"काय आहे तिथे?"

"तसं काही नाही. रस्ता छान आहे."

"बघते," सिस्टर म्हणाल्या. मागून कोणीतरी त्यांना हाका मारत होतं.

त्या तिकडे गेल्या की नाही, हे कवळीवाल्यांना कधी कळलं नाही. दुसरा गिअर मात्र ठीक झाला असावा, कारण पुन्हा त्यांचा फोन आला नाही.