आधी वहिनींचं ताट

आमच्या शिरड शहापूरच्या घरात पुरुषांच्या आधी जेवणारी पहिली बाई म्हणजे थोरल्या वहिनी. ओसरीवर वडिलांची पंगत अजून बसायची असायची, आणि वहिनी चुलीपाशी खुशाल भाकरी मोडत असायच्या. आई धुसफुसायची. वहिनी शांतपणे म्हणायच्या, "सुई घेतली की मला खावंच लागतं. सुईला पंगत कळत न्हाई."

लग्न होऊन आल्यावर त्या वाळत चालल्या, तेव्हा मधुमेह कळला. इन्सुलिनची बाटली त्या माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवत आणि मांडीत सुई स्वतःच टोचून घेत. पहिलं मूल पोटातच गेलं होतं. पुन्हा दिवस गेले तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं, साखर आवरली तरच हे लेकरू हाती लागेल. वहिनींनी कंबर कसली.

रोज सकाळी साखर तपासायला लघवीचे थेंब निळ्या औषधात घालून त्या काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवत. रंग निळाच राहिला की स्वारी खुशीत. विटकरी झाला की स्वतःच कबूल करत, "काल भातावर हात मारला, दुसरं काय." डोहाळजेवणाला बायका पेढा घेऊन तोंडाशी आल्या, तर म्हणाल्या, "वटीत घाला. तोंडात न्हाई. माझे डोहाळे लेकरू झाल्यावर पुरवा."

सातव्या महिन्यात हट्टा गावाहून पाहुणे आले. वहिनींनी सुई घेतली होती, पण आईनं हात धरला. "आज तरी मान राख. पाहुण्यांची पंगत उठू दे." एवढ्या एका दिवशी वहिनींनी ऐकलं. वाढता वाढता त्यांना दरदरून घाम फुटला, अंग थरथरू लागलं, बोलणं अडखळलं. अंगात आलं, असं आईनं ठरवूनच टाकलं. तिनं हळदकुंकू लावलं, हात जोडले. "काय पाहिजे, माय?"

"गूळ," वहिनी कशाबशा म्हणाल्या.

देवीनं मागितल्यावर हात आखडता कोण घेणार? आईनं ढेपच पुढं केली. मी खडा फोडून त्यांच्या तोंडात सारला. थोड्या वेळानं वहिनी सावरल्या आणि कपाळावरचं कुंकू पुसत म्हणाल्या, "देवी न्हाई आली, आत्याबाई. सुई घेऊन उपाशी राहिले, साखर पार उतरली. जीव जाऊन राहिला होता. माझा अन् लेकराचाबी."

आईनं तिथंच वहिनींचं ताट वाढलं. दुसऱ्या दिवसापासून सुई झाली की तीच पाट मांडायची. ओसरीवर वडिलांनी खाकरलं की आतून आवाज जायचा, "जरा थांबा. सून जेवून राहिली."

पोरगं सुखरूप झालं, चांगलं गुबगुबीत. ते कुशीत घेऊन वहिनींनी पेढ्याचा एक कण जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. एवढं सुखी माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

पोरगं शाळेत जाऊ लागलं आणि वहिनी गेल्या. याचा मला अजून राग येतो. तेराव्यानंतरच्या सकाळी, मी माहेरीच होते, आईनं सवयीनं पाट मांडला, ताट वाढलं आणि ओसरीकडे तोंड करून म्हणाली, "जरा थांबा." मग ती ताटाकडे बघतच राहिली. मी उचलायला वाकले, तर तिनं मला हाताला धरून त्या पाटावर बसवलं.

"आता तू जेव आधी," ती म्हणाली.

वडील बाहेर थांबले होते.