जिन्यातल्या कुंड्या
दवाखान्यात स्पिरिटचा वास आला, की मला परभणीतल्या आमच्या ऑर्किड क्लबची गच्ची आठवते. प्रदर्शनाच्या टेबलावर सगळ्यांच्या कुंड्या खेटून मांडलेल्या होत्या. एका निवृत्त शिक्षिकेचं झाड पहिल्यांदाच फुललं होतं; त्याच्याच पानाखाली अध्यक्षांना कापसासारखं पांढरं काहीतरी दिसलं. "पिठ्या ढेकूण हाय, कपाशीवर पडतो तसला. बाजूला न्या, बाई." बाई कुंडी घेऊन जिन्यात बसल्या आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पानं पुसू लागल्या. मग आम्हीही आपापली पानं उलटून पाहिली, आणि एकेक जण कुंडी उचलून जिन्यात आला. सगळ्यात शेवटी अध्यक्ष आले, स्वतःची कुंडी घेऊन. बाई सरकल्या, म्हणाल्या, "या, बसा. लय जागा हाय." अजूनही तो वास आला, की दवाखान्याच्या बाकावर मी जराशी सरकून बसते.