विलायचीखालचा कडूपणा

हिरड्या, पित्त, चोंदलेलं नाक, बी-ट्वेल्व... तोंडातली विचित्र चव जात नसेल तर काय काय तपासावं, हे मी मागे इथेच, या ग्रुपवर, एकाला लिहिलं होतं. ते सगळं मी स्वतः केलेलं होतं. एक गोष्ट तेवढी लिहिली नव्हती.

भुताखेताच्या, करणीच्या प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे वडिलांनी दारातसुद्धा येऊ दिले नाहीत. वय बावन्न, मानेवाड्याला दोन खोल्यांत एकटाच राहतो.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी चव सुरू झाली. गुळाची गोडी, विलायची, आणि मागून जिभेच्या मुळाशी औषधाचा कडूपणा. दात दाखवले, पित्ताच्या गोळ्या घेतल्या, मिठाच्या गुळण्या, जीभ घासणं, बडीशेप – काही फरक नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. सीताबर्डीच्या डॉक्टरांनी महिनाभर वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. कागद पाहून ते हसले.

"नऊ ते सहा. रविवारी नाही, दिवाळीच्या सुट्टीत नाही. काहो, तुमचं तोंड नोकरीले आहे का?"

मीही हसलो. मग मेट्रोत बसल्यावर तो कागद पुन्हा काढला: नऊ ते सहा, म्हणजे मी ऑफिसात आणि आई घरी एकटी असायची ती वेळ.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. तिला विसर पडायचा, दार उघडून रस्त्यावर जायची. डॉक्टरांनी झोपेची गोळी तिला फक्त रात्रीची दिली होती. मी ऑफिसच्या दिवशी सकाळीही एक कुटून गुळाच्या शिऱ्यात घालायचो – वर विलायची, कडू लपावं म्हणून. मी परत येईपर्यंत ती झोपून राही. "बाबू, तोंड कडू पडून राहिलं," म्हणायची. मी म्हणायचो, "वय झालं आई, होते तसं." तो शिरा मी कधी चाखला नव्हता. ती गेली तेव्हा डॉक्टर हृदय म्हणाले. मी काही विचारलं नाही.

त्या रविवारी कुहीला मोठ्या बहिणीकडे गेलो आणि सांगून टाकलं. ताई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली.

"आईले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"गोळीचं. फोनवर सांगे मले – बाबू शिऱ्यात काही टाकते, मले समजते. मी म्हटलं, मंग खाते काहून? तर म्हणे, तो दमून राहिला. मी झोपली का त्याले नोकरीत चैन पडते."

मग सूप खाली ठेवून म्हणाली, "मी असती तर वाटी फेकून मारली असती तुह्या तोंडावर. चाल, जेवून घे."

चव अजून येते. न चाखलेली चव माझ्या जिभेवर कशी आली, याचं उत्तर ना डॉक्टरांकडे आहे ना माझ्याकडे. कोणाला असं काही झालं असेल तर लिहा. उपाय नको... गेली का, आणि गेल्यावर बरं वाटलं का, तेवढंच सांगा.