खरवईचं गेट

मी काही लिहावं एवढी माझी पोच नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. घरात कॉलेजपर्यंत गेलेला मी पहिलाच. उल्हासनगरच्या कॉलेजात सरांनी एकदा विचारलं, ज्याच्या हातात ताकद, तोच बरंवाईट ठरवतो का? माझ्या डोळ्यांसमोर आमच्या खरवईच्या वस्तीतलं गेट आलं.

विहाराकडे जाणाऱ्या आमच्या पायवाटेवर बिल्डरने ते लावलं. आम्ही अर्ज केले, खेटे घातले. वडील अंबरनाथच्या कंपनीत फिटर. ते म्हणत, "कायद्याने होईल." बिल्डरचा माणूस हसायचा, "ज्याचं कुंपण, त्याची जमीन."

शेवटी ठरलं, पौर्णिमेची वंदना विहारातच करायची. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मुकाट्याने निघालो. आमच्यात मयतीलाही पांढरेच कपडे. आम्हाला पाहून वॉचमनने टोपी काढली आणि गेट उघडलं.

"कौन गया, मावशी?" त्याने पुढे चालणाऱ्या माझ्या आत्याला विचारलं.

मी आत्याचा हात दाबला. गप्प राहिलो असतो तर सरळ आत गेलो असतो.

"कोणी नाय गेलं, भाऊ. सगळे जित्ते आहेत. वंदनेला चाललोय."

"आत्या, अगं कशाला सांगितलंस!"

"खोटं बोलून पंचशील घेऊ काय रे?"

वॉचमन गडबडला. "मेरी नौकरी जाएगी," म्हणत गेट ओढू लागला. बिल्डरचा माणूस धावत आला, "ढकला यांना बाहेर!" आत्याने गेटला पाठ लावली. तिच्या शेजारी आई. गेट हलेना, पण त्या माणसाने आत्याचा दंड धरला.

तेव्हा वडील पुढे झाले. त्याचा हात त्यांनी सोडवला, त्याला मारलं नाही. मग आम्हाला म्हणाले, "बिजागरीतून वर उचला. कोणाला लागता कामा नये." वॉचमनलाही म्हणाले, "बाजूला हो बाबा, पायावर पडेल."

आम्ही चौघांनी गेट उचलून भिंतीला टेकवून ठेवलं आणि विहारात गेलो.

सरांच्या प्रश्नावर आज मी एवढंच सांगेन. ताकदीने वाट आमची झाली नाही, ती होतीच. पण त्या दिवशी जोर लावला नसता, तर आम्ही खरे असूनही बाहेरच राहिलो असतो. तशी वेळ आली तर मी पुन्हा उचलेन.

काल कॉलेजात आत्याचा फोन आला.

"जमिनीची सरकारी मोजणी झाली. वाट आपलीच निघाली."

"आणि बाबा?"

"त्याला चौकीत बोलावलंय, गेट काढलं म्हणून. सगळी वस्ती निघालीय त्याच्याबरोबर. तूही ये."