उलटे हत्ती

अंधेरीच्या एका गाळ्यात मी लहान पोरींचे फ्रॉक शिवायचे. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, घर माझ्या शिलाईवर चाललेलं. शाळा चौथीपर्यंत, पण मशीनवर हात बसला होता.

तिथे कॉम्प्युटर आला. त्याला एसीची खोली, चपला बाहेर काढायच्या. चेंबूरची एक पोरगी त्यावर छापाची चित्रं काढायची. एक हत्ती काढला की मशीन तसेच हत्ती कापडभर मांडून दाखवायचं, मग तसं कापड छापून यायचं. तिच्या घरी कमावणारी ती एकटीच. तेवढ्यावरून आमचं जमलं.

तिच्या पहिल्याच छापात वाट लागली. सगळे हत्ती एकाच बाजूला डोकं करून उभे. आमचे कटिंगमास्तर कापड वाचवायला एक तुकडा सुलटा, एक उलटा असे लावून कापायचे. तसंच कापलं. शिवून बघतो तर पाठीवर हत्ती सरळ, पोटावर पाय वर. एकाच बाजूने कापायचं तर कापड जास्त जातं, शेठला ते नको. त्याने पोरीला सांगितलं, शनिवारपर्यंत ये, पुढे नको.

ती नळावर तोंड धूत राहिली. मी मशीनवर परत बसले.

मास्तरांना विचारून बिघडलेला एक फ्रॉक मी लेकीला नेला. तिने घातला आणि मान खाली घालून पोटाकडे बघत बसली.

"उलटा आहे गं तो," मी म्हटलं.

"नाय गं आये. माझ्याकडनं सरळ दिसतो."

सकाळी मी पहिल्यांदाच चपला काढून त्या खोलीत गेले. पोरीला म्हटलं, "एक हत्ती बघणाऱ्याला सरळ काढ, एक घालणारीला. मिसळून टाक. मग मास्तर कसंही कापू दे."

ती बघतच राहिली. "मावशी, हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं?"

"तुला पोर कुठंय अजून."

तिने तसं काढलं. शनिवारी नमुन्याचं कापड आलं. मास्तरांनी नेहमीसारखं कापलं, मी बसून फ्रॉक शिवला. शेठने तो इकडून तिकडून फिरवून बघितला आणि म्हणाला, कॉम्प्युटरला डोकं आहे. पोरगी तोंड उघडणार, तेवढ्यात मी माझ्या पायाने तिचा पाय दाबला.

सोमवारी मी कामावर गेले, तेव्हा तिच्या चपला खोलीबाहेर होत्या.